हार्लेक्विन जोडी, पाचवा महिना: श्रिंप मजेत, मी स्टारफिशच्या मागे

माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत हार्लेक्विन श्रिंपची (छोट्या कोळंबीची) जोडी आहे. मागच्या वेळी म्हणालो होतो ना की अॅस्टेरिना, म्हणजे टाकीत वाढणारे बारके स्टारफिश (तारामासे), संपत आलेत, तर ते संपले. रात्री टॉर्च मारली की काचेवर नखाएवढे पांढरट ठिपके कितीतरी दिसायचे, या दोघांनी सगळी टाकी पुसून काढली आणि आता बिल माझ्याकडे.

नवीन घेणाऱ्यांनी एकच लक्षात ठेवा, हार्लेक्विन स्टारफिशशिवाय काही खात नाही. पेलेट, मायसिस असलं टाकीतलं नेहमीचं खाणं समोर ठेवलं तरी ढुंकून बघत नाहीत. मला विकणारा म्हणाला होता "सगळं खातात साहेब", असो.

म्हणून आता सम्पमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) एक चॉकलेट चिप स्टार, म्हणजे मोठा स्टारफिश, पाळलाय. साधारण १० दिवसांनी त्याच्या एका हाताचं टोक कापून देतो, मधल्या चकतीला अजिबात हात लावत नाही, आणि त्याला तगवायला आठवड्यातून दोनदा कोळंबी नाहीतर तिसऱ्यांचा (शिंपल्यांचा) तुकडा. म्हणजे कोळंबी स्टारला, स्टार श्रिंपला! श्रावणात घरात मासे बंद असताना माझा डबा फ्रीजरच्या मागे मटारच्या पिशवीखाली लपवलेला होता, आईला सापडला, पुढचं सांगत नाही.

तुकडा टाकला की आधी मादी येते, ती नरापेक्षा मोठी आहे आणि तिच्या पोटाच्या कडेला निळसर ठिपके आहेत त्यामुळे ओळखता येते. दोघं मिळून तुकडा उलटा करतात, खालचे ते बारीक नळीसारखे पाय वर आले की पुढच्या छोट्या चिमट्यांनी एकेक उपटून खातात. मोठे चपटे पंजे नुसते हलवत बसतात, गौराईपुढे कोणी पदर हलवावा तसे. अर्धा तास मी तिथून उठत नाही.

आता घोळ. गणपतीला चार दिवस गावी गेलो आणि जायच्या आदल्या रात्री टाकलेला तुकडा दगडामागे तसाच राहिला. ऐरोलीत परत आलो तर दार उघडताच वास, पाण्यात अमोनिया (सडण्यातून होणारं विष) ०.५, एवढ्याशा ६० लिटरच्या टाकीत एक सडका तुकडा पुरेसा होतो. त्याच रात्री २० टक्के पाणी बदललं, दुसऱ्या दिवशी परत २० टक्के, सॅलिनिटी (खारटपणा) १.०२५ आणि तापमान २६ जुळवूनच, कारण घाईत खारटपणा हलला तर स्टार आधी जातो. दोघंही वाचली, माझी चूक होती आणि नशीब त्यांचं. आता ४८ तासांनी उरलेलं बाहेर, खाल्लं असो नसो.

स्टारच्या पहिल्या कापलेल्या हाताला आता छोटा कोंब आलाय, पण सगळा भार एकट्यावर टाकणं बरं वाटत नाही म्हणून शनिवारी कुर्ल्याला दुसरा बघायला जातोय, तो सम्पमध्ये बसवायचा तर आधी स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) हलवायला लागेल.