सरकी, दिवस 52: मोरी निर्दोष आहे

माझी कुत्री सरकी फिरायला जाताना पाटाच्या मोरीपाशी (छोट्या पुलापाशी) अडते, म्हणून मागच्या तीन नोंदींत मोरीला दिलेल्या शिव्या मागे घेतो. रोह्यांचा (नीलगायींचा) वास, बापूंच्या मळ्यातली दोन राखणदार कुत्री, मोरीखालचं पाणी, सगळे निर्दोष. सरकी अडते ती ठिबकच्या एअर व्हॉल्वला!

अडण्याच्या दिवसांच्या कॅलेंडरवर खुणा केल्या. एक आठवडा रोज अडते, पुढचा आठवडा शेपूट वर करून चालते. हे वेळापत्रक यावलच्या शिवारात कोण ओळखणार नाही? शेतीची लाइट, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री! दिवसपाळीत आम्ही मोरीवर पोचतो तेव्हाच लाइट येते, ऑटोवरची मोटर सुरू होते आणि रिकाम्या पाइपातली हवा व्हॉल्वमधून शिट्टी मारत निघते. रात्रपाळीत पाइप आधीच भरलेला, म्हणून चिडीचूप. माझं अर्धं आयुष्य केळीच्या बागेत गेलं, मला ती शिट्टी ऐकूच येत नव्हती. बापूंना सांगितलं तर म्हणाले, "मास्तर, व्हॉल्व बदलू की कुत्री?"

आता मोरीच्या अलीकडे 50 पावलांवर थांबतो. शिट्टी झाली की लगेच कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीचा तुकडा. शिट्टी आधी, तुकडा नंतर. दोन दिवस मी उलटं केलं आणि तुकडा दिसला की ती कान पाडायला लागली. गाढवपणा माझा. (पाकिटातली महाग बिस्किटं तिने थुंकली, तो विषय संपला.) गुरुवारी 30 पावलांवर जांभई नाही, ओठ चाटणं नाही, म्हणजे घाबरल्याची एकही खूण नाही. परतताना पऱ्हाटीतून तित्तर फडफडून उडाले, तरी दोरी ताणली नाही. मी एकटाच बांधावर हसत उभा!

दोरीवरून आठवलं, गुंडाळी होणारा पट्टा घेऊ नका. काळ्या मातीचा चिखल आत गेला की ती डबी कामातून जाते. बाजारातली पाच मीटर सुती दोरी आणि छातीचा पट्टा, बस.

खरी अडचण ही की शिट्टी दिवसातून एकदाच, तीही अर्धा मिनिट. रात्रपाळीत सराव बंद ठेवणार होतो, पण हे लिहितानाच सुचलं: शिट्टी मोबाइलवर रेकॉर्ड करून अंगणात अगदी बारीक आवाजात लावायची, जेवणाच्या वेळी. मग मोरीची घाईच नको, दोन आठवडे सातपुड्याकडच्या गाडरस्त्याने फिरू.

बापू व्हॉल्वचं रबर बदलणार होते. त्यांना म्हटलं, माझं रेकॉर्डिंग होईपर्यंत थांबा.