मनीचा डावा कान

"अगं, हिचा कान कुणी कुरतडला?" व्हिडिओ कॉलवर आईचा पहिला प्रश्न.

कुरतडला नाही, मीच कापवून घेतला.

नोव्हेंबरात आमच्या न्यू जर्सीच्या पार्किंगमध्ये ही मांजरबया, मनी, गरम बॉनेटवर येऊन बसली, तीन आठवड्यांत सोफ्यावर पोचली आणि फेब्रुवारीत माजावर आली. रात्ररात्र ते रडणं! व्हेटनं, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरनं, नसबंदीच्या ऑपरेशनचा अंदाज दिला 640 डॉलर. गळ्यातल्या प्लास्टिकच्या भोंग्याचे वेगळे 22.

स्वस्तातली सोय नाही असं नाही. नसबंदी न केलेल्या कुत्र्याच्या लायसन्सवर हे राज्य 3 डॉलर जादा घेतं आणि त्या पैशांतून इतरांच्या कुत्र्यामांजरांची ऑपरेशनं करतं. झकास डोकं! पण ते सरकारी मदतीवर असलेल्यांसाठी, नाहीतर शेल्टरमधून आणलेल्या जनावरांसाठी. आमची पार्किंगमधली, आणि आमचा पगार कागदावर भरपूर.

मग एका क्लिनिकचा भटक्या मांजरांसाठीचा दर दिसला: 65 डॉलर, रेबीजच्या लशीसकट. अटी दोन. मांजर सापळ्याच्या पिंजऱ्यातूनच आणायचं, आणि भुलीतच डाव्या कानाचं सेंटिमीटरभर टोक छाटणार. लांबूनच कळावं, हिचं झालंय, पुन्हा पकडू नका. आपल्याकडे कुत्र्यांच्या कानाला खाच पाडून सोडतात, तसंच.

सकाळी पावणेसातला रांगेत उभी राहिले. बाकीच्या पिंजऱ्यांत फिस्कारणारे बोके, जाळीवर पंजे. आमची बाई पोट वर करून घुर्रघुर्र करत लोळतेय. टेबलावरच्या मुलीनं जाळीतून बोट घातलं, तर चाटायलाच लागली.

"भटकी?" मुलीनं विचारलं.

"भटकी." मी सही केली.

खोटं काय त्यात? नोव्हेंबरात भटकीच होती. आणि आमच्या वाड्यात मांजर कुणा एकाचं कधी होतं? चार घरी दूध प्यायचं. पिल्लं झाली की आजी पिशवीत घालून मंडईत सोडून यायची, तेव्हा कुणी फॉर्म भरून घेतला नाही. इथे व्हेटच्या फाइलीत मांजरालाही आडनाव लागतं. 640 वाल्याकडे मनीपुढे आमचं आडनाव होतं. इथे पिंजऱ्यावर नुसता 14 नंबर.

संध्याकाळी घरी आणली. पोटावर दोन बोटांएवढी भादरलेली जागा, टाका शोधूनही दिसेना. कान मात्र कात्रीनं कागद कापावा तसा सरळ. जेवली, आणि थेट माझ्या उशीवर.

आईला सांगितलंय, बोक्याशी भांडली.