दर्या दारात, पाणबुडी तळ्यात

माझं मालवणात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. कपाटात वरच्या फळीवर एक काळी पाणबुडी ठेवलेली असते. ती रिमोटवर चालते आणि खरोखर पाण्याखाली जाते हे कळलं, की गिऱ्हाईक हातातला मिक्सर बाजूला ठेवून विचारतं, "समोर एवढा समुद्र आहे, मग ही घेऊन धामापूरच्या तळ्यावर का जाता?" ४ डिसेंबर २०२३ ला तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदल दिन झाला, तेव्हापासून शाळेतली मुलंही हेच विचारतात. आमच्या शेजारचे तांडेलकाका तर पहिल्या दिवसापासून म्हणत होते, "एवढो दर्यो समोर आसा नि तू हिका घेवन धामापुराक कित्याक जातंस?" दुकानात उभ्या उभ्या याचं पुरं उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून इथे सावकाश सांगतो.

ही पाणबुडी मुळात शोकेससाठीचं प्लॅस्टिकचं किट होती. रशियन 'किलो' वर्गाची, १:१४४ प्रमाणातली. आपल्या नौदलाच्या सिंधुघोष वर्गाच्या पाणबुड्या याच कुळातल्या; त्यातली पहिली, आयएनएस सिंधुघोष, १९८६ साली दाखल झाली. खरी सुमारे ७३ मीटर लांब, म्हणून माझी अर्धा मीटर. रुंदी सात सेंटिमीटरला जराशी कमी. एवढ्या जागेत मोटर, बॅटरी, रेडिओ, दोन सर्व्हो (रिमोटच्या इशाऱ्यावर भाग वळवणाऱ्या छोट्या मोटरी) बसवायचे आणि त्यातल्या एकालाही पाणी लागू द्यायचं नाही.

बहुतेकांना वाटतं, मी किटचे सगळे सांधे चिकटवून अख्खं धूड जलबंद केलं असेल. तसं करत नाहीत. उलट मी तळाला आणि वर डेकला भोकं पाडली, म्हणजे पाण्यात ठेवली की पाणी खालून आत शिरतं आणि हवा वरून निघून जाते. बाहेरचं प्लॅस्टिक नुसता आकार देतं. कोरडी असते ती आतली ॲक्रिलिकची नळी: बाहेरून ५० मिलिमीटर व्यासाची, ३० सेंटिमीटर लांब, दोन्ही तोंडांना ओ-रिंगवर, म्हणजे रबरी कड्यावर, घट्ट बसणारी झाकणं. खऱ्या किलोलाही दोन कवचं असतात, आतलं दाब सोसणारं आणि बाहेरचं पाण्याला वाट देणारं. त्यामुळे या कामात मला कधी नकली काही करतोय असं वाटलं नाही.

आता हिशेब, कारण समुद्राचं उत्तर त्यातच आहे. ही नळी पूर्ण बुडाली की साधारण ५८९ घन सेंटिमीटर पाणी बाजूला सारते. गोड्या पाण्यात त्याचं वजन ५८९ ग्रॅम. किटचं प्लॅस्टिक पाण्यापेक्षा किंचितच जड असतं, त्यामुळे बुडाल्यावर त्याचा भार नगण्य. म्हणजे आतल्या ऐवजासकट नळीचं वजन ५८९ च्या जवळ न्यायचं. माझा ऐवज चारशेच्या आसपास भरला. उरलेला भार पागाला (फेकायच्या जाळ्याला) ओवतात त्या शिशाच्या गोळ्यांनी भरून काढला. त्या तळाशी लावल्या आणि मासळीच्या पेटीतल्या थर्माकोलचे तुकडे वर डेकखाली. जड खाली, हलकं वर, तरच ती सरळ उभी राहते. नाहीतर पहिल्याच वळणाला कुशीवर लोळते.

शेवटचे दहा ग्रॅम मात्र मी मुद्दाम कमी ठेवले. माझ्या पाणबुडीत पाणी भरायची टाकी नाही. ती थांबलेली असताना फक्त मधला मनोरा आणि डेकची एक काळी रेघ पाण्याबाहेर दिसते. मोटर चालू केली आणि आडवे पंख खाली झुकवले, की पुढे जाता जाता ती वेगाच्या जोरावर आत शिरते. मोटर बंद केली की ते दहा ग्रॅम तिला वर आणतात. खरी किलो पृष्ठभागावर सुमारे २,३०० टनांची आणि बुडाल्यावर ३,००० टनांच्या वर जाते, कारण ती टाक्यांमध्ये पाणी घेते. ते दृश्य जास्त देखणं असतं, हे मान्य. पण पहिल्यांदा करणाऱ्याने टाकीच्या मागे लागू नये, असं माझं ठाम मत आहे. टाकी अडकली तर पाणबुडी तळाला जाते. मोटर अडकली तर ती आपोआप वर येते.

किटचे पंख मात्र फार छोटे निघाले. पाणी कापायला ते पुरेनात, म्हणून मागे पारदर्शक ॲक्रिलिकची पट्टी चिकटवून मोठे केले. पाण्यात ती दिसतही नाही. पाणबुडीला पुढे ढकलणारा फिरता पंखा पितळेचा घातला. रंगकामाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. काळा रंग, झालं.

गळती हा दुसरा मोठा अध्याय. मोटरचा दांडा झाकणातून बाहेर येतो तिथे पाणी शिरायची सगळ्यात जास्त भीती. तिथे तांडेलकाकांनीच मार्ग दाखवला. त्यांच्या बोटीचा शाफ्ट तळातून बाहेर पडतो तिथे ग्लँड असते, पॅकिंग आणि ग्रीसने भरलेली. मी तेच लहान करून पितळेच्या नळीत, रबरी सील आणि ग्रीस घालून केलं. तपासायची रीत सायकलच्या ट्यूबची: झाकणातल्या बारीक नळीतून तोंडाने हवा फुंकायची, बादलीत बुडवायची, बुडबुडा कुठून येतो ते बघायचं. एकही बुडबुडा नाही असा दिवस यायला मला तीन आठवडे लागले. तरी पहिल्या फेरीनंतर नळीत आत पाणी दिसलं. काळजात धस्स झालं. ते गळतीचं नव्हतं. जून महिन्यात पडवीत बसून मी नळी बंद केली होती. ती दमट हवा विहिरीच्या गार पाण्यात गेल्यावर आतून घामेजली होती. तेव्हापासून नळीत सिलिका जेलची पुडी असते, आणि पावसाळ्यात बंद करण्याआधी मी आत हेअर ड्रायर फिरवतो.

आता मीठ. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड. सहाशे घन सेंटिमीटरवर अडीच टक्के म्हणजे पंधरा ग्रॅम, दहा रुपयांच्या दोन नाण्यांएवढे. ऐकायला काहीच नाही. पण माझी सगळी राखीव तरंगण्याची ताकद दहा ग्रॅमची. समुद्रात ती एकदम पंचवीस होते आणि माझे पंख तेवढा जोर खाली दाबू शकत नाहीत. पाणबुडी होडीसारखी वरवर पळत राहते. यावर उपाय सोपा आहे, पंधरा ग्रॅम शिसं वाढवायचं. मीही तेच केलं, आणि कर्लीच्या खाडीत सोडली.

तिथे मला मिठाचं खरं काम कळलं. हल्लीचे रिमोट २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. मायक्रोवेव्ह ओव्हन अन्न तापवतो ते जवळपास याच लहरींवर, कारण पाणी त्या लहरी शोषून घेतं. त्यामुळे ते रिमोट पाण्याखाली गोड्यातसुद्धा निकामी. पाणबुडी करणारे जुने, कमी फ्रीक्वेन्सीचे सेट जपून ठेवतात. माझा २७ मेगाहर्ट्‌झचा आहे. या पट्ट्यात कमी ताकदीच्या उपकरणांना आपल्याकडे परवाना लागत नाही, म्हणून तो मला सोयीचा. धामापूरच्या पाण्यात तो दोन मीटर खोलवरही आज्ञा पोचवतो. पण मिठाचं पाणी वीज वाहून नेतं, आणि जे वीज वाहून नेतं ते रेडिओलहरींना गिळतं. समुद्राच्या पाण्यात २७ मेगाहर्ट्‌झची लहर दर पाच सेंटिमीटरला जवळजवळ एक तृतीयांशावर येते. पाव मीटर खाली गेलात की शंभरातला एक भागही उरत नाही.

खाडीत भरती लागलेली होती, म्हणजे समुद्राचं पाणी आत येत होतं. पाणबुडी छान बुडाली. मी पंख वर केले, ती आलीच नाही. माझा रिसीव्हर जुना. आज्ञा मिळेनाशी झाली तर काय करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. मोटर चालू, पंख खाली, अशीच ती चालत राहिली आणि तळाच्या चिखलात नाक खुपसून बसली. मी काठावर अर्धा तास रिमोटच्या दांड्या हलवत राहिलो. आठ महिन्यांचं काम डोळ्यांसमोर गेलेलं असताना माणसाला दुसरं काय सुचणार! तांडेलकाकांनी मला खाली बसवलं. "हयच आसतली, खय जातली? सुकती लागली की गावतली." आम्ही चार तास थांबलो. ओहोटीने पाणी उतरलं, काका गुडघाभर चिखलात गेले आणि शेपूट धरून तिला बाहेर काढलं. मोटर जळली होती, बॅटरी संपली होती. नळी आतून कोरडी होती. ते बघून मला किती बरं वाटलं हे लिहून सांगता येणार नाही.

दुसऱ्याच आठवड्यात मी रिसीव्हर आणि मोटरच्या मध्ये एक छोटी सर्किट बसवली. सेकंदभर नीट आज्ञा आली नाही, तर ती मोटरची वीज तोडते आणि पंख वर करते. पुढचं दहा ग्रॅम बघून घेतात. ही सर्किट नसताना कोणीही पाणबुडी पाण्यात सोडू नये, गोड्यातसुद्धा.

आणि हे दुखणं माझ्या खेळण्याचंच नाही. खऱ्या पाणबुडीलाही समुद्राखाली साधा रेडिओ ऐकू येत नाही. तिच्याशी बोलायला नौदलाने तमिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यात आयएनएस कट्टबोम्मन हे केंद्र उभारलंय. तिथून अतिशय कमी फ्रीक्वेन्सीच्या, किलोहर्ट्‌झमधल्या लहरी सोडतात, त्यासाठी आकाशाला भिडणारे मनोरे लागतात, आणि एवढं करून त्या लहरी खाऱ्या पाण्यात काही मीटरच उतरतात. माझ्या हातातल्या डबीकडून मी याहून जास्त मागत होतो.

म्हणून धामापूर. मालवणातून जवळ, १५३० साली बांधलेलं तळं, पाणी गोडं, वारा झाडीने अडवलेला. देवी भगवतीच्या देवळाच्या बाजूला सकाळी सातच्या आधी गेलं तर पाणी आरशासारखं असतं. जुनी माणसं सांगतात, लग्नासाठी दागिने हवे असले तर पूर्वी फुलांची परडी तळ्यात सोडायची. तळं दागिने द्यायचं, लग्न झालं की परत करायचे. कोणी एकाने ते ठेवून घेतले आणि देणं बंद झालं. मी तिथे पाणबुडी सोडताना दर वेळी हे आठवतो. परत निघताना काठावर वायरचा एक तुकडा, थर्माकोलचा एक कण राहिला नाही ना, हे बघूनच निघतो.

गेल्या महिन्यात काकांना हे मीठ आणि लहरींचं सगळं पुन्हा नीट समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मगे जाळ्याक बुच बांधतत तसो हिचो कान वर बांध." आधी मी हसून सोडून देणार होतो, मग रात्री झोप लागेना. रिसीव्हरची एरियल पाणबुडीत ठेवायचीच कशाला? मनोऱ्यातून मीटरभर बारीक कोॲक्सियल वायर काढायची, तिच्या टोकाला एक छोटं बुच, बुचात एरियल. कान पाण्याबाहेर, पाणबुडी खाली. खऱ्या पाणबुड्याही पाण्यावर तरंगणारी एरियल मागे ओढतात, हे मी इतकी वर्षं वाचत आलो होतो.

बुच दोन ग्रॅमचं आहे, वायर सहा. ती ओढताना वेग किती पडतो ते विहिरीत कळत नाही, त्यासाठी आधी धामापूरलाच दोन रविवार जातील. नारळी पौर्णिमा झाली आणि दर्या निवला, की सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आडोशाला, काकांच्या पातीवरून (छोट्या होडीवरून) सोडून बघणार आहे. पंधरा ग्रॅम शिसं वेगळं काढून ठेवलंय.