आमची वाटचाल : बटण नसलेली वीज

२००५ साली धायरी फाट्याजवळ दहा बाय बाराच्या गाळ्यात मी बॅटरी-इन्व्हर्टर विकायला सुरुवात केली. भांडवल म्हणजे मामांकडून उसने घेतलेले चाळीस हजार. भारनियमनाचे दिवस होते, त्यामुळे विकायला फारशी अक्कल लागत नव्हती. लाइट गेली की गिऱ्हाईक आपल्या पायानं दारात यायचं. पण पुढच्याच वर्षी ‘पुणे मॉडेल’ आलं. उद्योगांनी आपापले जनरेटर चालवायचे आणि वाचलेली वीज शहराला द्यायची, अशी ती व्यवस्था. शहर खूश झालं, मी मात्र गोडाउनमधल्या बॅटऱ्यांकडे बघत बसलो. लोकांच्या अडचणीवर उभा केलेला धंदा अडचण संपली की झोपतो, हे तेव्हा कळलं.

मधली काही वर्षं वायरिंगची कामं, पॅनेल बोर्ड, सोसायट्यांचे पंप यावर काढली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सुपरवायझरचा परवाना काढला, दोन पोरं हाताखाली आली. पैकी एक अजून आहे, आता सगळे त्याला अण्णा म्हणतात.

सोलरचं पहिलं मोठं काम २०१४ मध्ये भोसरीत मिळालं. एका वर्कशॉपच्या पत्र्यावर वीस किलोवॉट. तेव्हा राज्यात नेट मीटरिंग, म्हणजे उरलेली वीज महावितरणला देऊन बिलातून वजा करायची सोय, नव्हतं, ते नियम पुढच्या वर्षी आले. त्यामुळे मालकाला दिवसा जेवढी वीज वापरता येईल तेवढीच त्याची. काम झालं, चालू झालं, पेढे वाटले. तीन आठवड्यांनी एक स्ट्रिंग, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या पॅनेलची माळ, कमी करंट देतेय म्हणून मी स्वतः बघायला गेलो. डीसीच्या, म्हणजे पॅनेलकडून एकाच दिशेनं येणाऱ्या विजेच्या, डब्यातला फ्यूज बघायचा होता. आयुष्यभर घरांतले किटकॅट फ्यूज ओढत आलो होतो, तसाच तोही ओढला. ती डीसी वीज एसी करणारा इन्व्हर्टर चालू होता.

त्यानंतर जे दिसलं ते आवाजासकट आठवतं. होल्डर उघडला तरी वीज तुटेना. फटीतून निळी-पांढरी ज्योत तशीच चालू, आणि प्लॅस्टिक मेणासारखं खाली ओघळतंय. मी हात झटकून मागे पडलो म्हणून वाचलो. उजव्या अंगठ्यावर डाग आहे, थंडीत अजून ठणकतो.

मी वीस वर्षांचा अनुभवी वायरमन नव्हतो, पण अगदी अडाणीही नव्हतो. तरी हे का झालं? घरातली एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी, वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे संपर्क सुटला की ठिणगी बहुतेक वेळा आपणहून मरते. डीसी शून्यावर येतच नाही. सहाशे-सातशे व्होल्ट, सलग. ठिणगीला मरायला जागाच मिळत नाही. आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट. पॅनेलला बटण नसतं. ऊन आहे तोवर तारेच्या टोकाला व्होल्टेज आहे, तुम्ही खाली काहीही बंद करा. एमआयडीसीत गुरुवारी शटडाउन असतो म्हणून आम्ही एसीकडची कामं गुरुवारी ठेवतो. नवीन पोरांना अण्णा पहिल्याच दिवशी सांगतो, “गुरुवार महावितरणचा असतो, सूर्याचा नसतो.”

त्या डागानंतर आम्ही एक कागद लिहिला. तो आजही प्रत्येक साइटवर इन्व्हर्टरशेजारी चिकटवतो. आधी इन्व्हर्टरला थांबायची आज्ञा द्यायची, मग एसीचा ब्रेकर पाडून त्याला कुलूप लावायचं, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. मग डीसीचा स्विच. मग प्रत्येक स्ट्रिंगवर क्लँप मीटर (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) लावून करंट शून्य आहे हे डोळ्यांनी बघायचं, आणि त्यानंतरच कनेक्टर सोडवायचा. एवढं झालं तरी झाकण उघडायचं नाही. आत वीज साठवून ठेवणारे मोठे कॅपॅसिटर असतात, ते भरलेले राहतात. लेबलवर पाच मिनिटं लिहिली असतील तर पाच, पंधरा लिहिली असतील तर पंधरा. मोबाइलवर गजर लावायचा. पुन्हा मीटर लावायचा, आणि मग पाना हातात घ्यायचा. मीटरही त्या व्होल्टेजचा हवा. आमच्याकडे बरेच दिवस सहाशे व्होल्टचा साधा मीटर होता आणि आम्ही तो आठशेवर बिनधास्त लावत होतो, हे आज लिहितानाही अंगावर काटा येतो.

हे पाच मिनिटांचं थांबणं सगळ्यात अवघड आहे. मालक शेजारी उभा असतो, प्रॉडक्शन अडलेलं असतं, आणि आमचा माणूस हाताची घडी घालून मोबाइलकडे बघतोय. चाकणच्या एका मालकानं मला फोन करून तक्रार केली होती, की तुमची माणसं टाइमपास करतात. मी म्हणालो, त्याचेच पैसे घेतो.

२०२२ च्या एप्रिलमध्ये आम्ही पहिला शंभर किलोवॉटचा इन्व्हर्टर बसवला. त्याआधी पन्नासच्या पुढे गेलो नव्हतो. नव्वद किलोच्या आसपास वजन. चार जणांनी उचलू म्हणणाऱ्यांना मी गप्प केलं आणि चेन पुली आणली. भिंत साध्या विटांची होती, म्हणून लोखंडी फ्रेम जमिनीत गाडून त्यावर टांगला. बाहेरून धूळ-पावसाला दाद देत नाही हे खरं, पण उन्हाला देतो. पश्चिमेच्या भिंतीवर लावला तर दुपारी तापून स्वतःच उत्पादन कमी करतो. त्यामुळे उत्तरेची भिंत, वर पत्र्याची पडवी, आणि दोन्ही बाजूंना कंपनीनं सांगितलेली मोकळी जागा. ती जागा मोकळी राहावी म्हणून खाली पिवळे पट्टे मारले, कारण कारखान्यात मोकळी जागा दिसली की कुणीतरी ड्रम आणून ठेवतोच.

एसीच्या बाजूला पूर्ण लोडवर एकशे चाळीस अँपिअरच्या आसपास करंट. केबल अ‍ॅल्युमिनियमची, टर्मिनल तांब्याचं. तिथे साधा लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसवायची धातूची टोपी, चालत नाही, दोन धातूंचा बायमेटलिकच लागतो, नाहीतर दोन धातूंच्या सांध्यावर गंज धरतो आणि सांधा तापत जातो. बोल्ट टॉर्क रेंचनं आवळायचा आणि त्यावर लाल रंगाची रेघ ओढायची, म्हणजे पुढच्या फेरीला तो फिरलाय का ते लगेच दिसतं. अर्थिंगचे खड्डे तीन : डीसीचा, एसीचा आणि आकाशातून पडणारी वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाचा. कनेक्टर एकाच बनावटीचे. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत टकदिशी बसतात, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की चालतं. आत संपर्क अर्धवट असतो आणि दोन उन्हाळ्यांनी तिथे काळं दिसतं.

एवढं सगळं नीट केलं. आणि चूक केली ती कागदावर.

एका स्ट्रिंगमध्ये आम्ही बावीस पॅनेल घेतली. प्रत्येकाचं उघडं, म्हणजे काही न जोडता मोजलेलं, व्होल्टेज साडेएकोणपन्नास, म्हणजे एकूण १०८९. इन्व्हर्टरची मर्यादा ११००. बसतंय की! एप्रिलच्या दुपारी मीटर लावला तर हजारापेक्षाही कमी, कारण पॅनेल तापलं की व्होल्टेज उतरतं. मी निर्धास्त. पण पॅनेलवर छापलेला आकडा पंचवीस अंशांचा असतो, आणि गार झालं की तो चढतो. अंशाला साधारण पाव टक्क्याहून थोडा जास्त. पुण्याच्या डिसेंबरातली सकाळ आठ-नऊ अंशांची. हिशेब पोरगंही करेल, पण तो करायचा असतो हे माहीत पाहिजे.

डिसेंबरात दोन दिवस सकाळी अलार्म आला आणि तासाभरात आपोआप गेला. साइटवाल्यानं कळवलं नाही, आणि आम्हीही रोज इन्व्हर्टरचं ऑनलाइन पोर्टल उघडून बघत नव्हतो. तिसऱ्या दिवशी इन्व्हर्टर बंद पडला तो कायमचा. कंपनीच्या इंजिनिअरनं नोंदी काढल्या. १११८ व्होल्ट. वॉरंटी नाकारली, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. नवा इन्व्हर्टर आम्ही आमच्या खिशातून बसवला. त्या वर्षी दिवाळीनंतर जमवलेलं सगळं गेलं, दुचाकीचे हप्ते थकले, आणि बायकोनं विचारलं, “आता पुन्हा बॅटऱ्या विकणार का?” ते इतक्या गंभीरपणे विचारलं होतं, की मी दोन दिवस खरंच विचार केला.

पावसाळा आम्हाला वेगळं शिकवतो. जुलैत सकाळी फोन येतो, इन्व्हर्टर इन्सुलेशनचा (तारेवरच्या आवरणातून वीज गळत असल्याचा) फॉल्ट दाखवतोय, चालू होत नाही. अकरापर्यंत ऊन पडतं, तो चालू होतो, आणि मालक म्हणतो, कशाला येता, आपोआप बरा झाला. बरा झालेला नसतो, वाळलेला असतो. पिरंगुटला अशाच एका ठिकाणी आम्ही तिसऱ्या फोनला ऐकलं नाही आणि एकेक स्ट्रिंग वेगळी करून मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावला. पत्र्याच्या धारेवर एक केबल घासून तांबं दिसायला लागलं होतं. एका जागी असं झालं तर फारसं काही जाणवत नाही. दुसऱ्या स्ट्रिंगमध्ये दुसऱ्या ठिकाणी झालं की करंट पत्र्यातून वाट काढतो, आणि मग आगीला आपण आमंत्रण दिलेलंच असतं. पाइप साफ करायला वर चढलेल्या माणसाचा हात पत्र्याला लागला तर काय, ते वेगळंच. काही साइटवर हा फॉल्ट येऊ नये म्हणून सेटिंगमधली मर्यादाच खाली आणून ठेवलेली आम्ही पाहिली आहे. ज्यांनी हे केलं त्यांना मी इलेक्ट्रिशियन म्हणत नाही.

आणि एक गोष्ट, जी मला स्वतःला मॅन्युअल वाचेपर्यंत उलटी वाटायची. मागच्या वर्षी शिरवळच्या बाजूला दुसऱ्या ठेकेदारानं अर्धवट सोडलेलं काम आम्ही घेतलं. एका स्ट्रिंगचे प्लस-मायनस उलटे जोडलेले होते आणि डीसीचा स्विच आधीच चालू केलेला. बरोबरचा मुलगा स्विच बंद करायला धावला. त्याला ओरडून थांबवलं. उलट्या स्ट्रिंगमधून भर उन्हात मोठा करंट फिरत असतो, अशा वेळी स्विच तोडायला गेलं तर तो स्विचच पेटू शकतो. ऊन उतरेपर्यंत थांबायचं, करंट अर्ध्या अँपिअरच्या खाली आला की मग हात लावायचा. दुपारी दोन ते संध्याकाळी पावणेसात आम्ही तिथे बसून राहिलो. वडापाव दोनदा झाला. ठेकेदाराचा माणूस आम्हाला वेड्यात काढून पाच वाजता निघून गेला.

२०२४ मध्ये घरांसाठीची केंद्राची योजना आली, तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान. गल्लोगल्ली सोलरवाले झाले. चांगलं आहे, लोकांच्या बिलांचं ओझं कमी होतंय. आम्ही त्यात फार उतरलो नाही. आम्ही अकरा जण, वर्षाला मोजकीच मोठी कामं. शिवाय पाच मिनिटं थांबणारा माणूस तयार व्हायला आम्हाला वर्ष लागतं, आणि तो तयार झाला की त्याला दुसरा कुणीतरी दोन हजार जास्त देऊन नेतो. याचं उत्तर अजून सापडलेलं नाही.

स्ट्रिंगचा हिशेब आता माझी मुलगी करते. ती पाच अंश धरते. मी म्हणालो, अगं, आठ धर, एक पॅनेल जास्त बसेल. ती म्हणाली, “बाबा, ऑफिसात दाराशी जो ठेवलाय, तो बघून या.” तो मेलेला इन्व्हर्टर आम्ही भंगारात दिला नाही. झाकण काढून लाकडी पाटावर ठेवलाय आणि आत मार्करनं १११८ लिहिलंय. कालच एका गिऱ्हाइकाचा फोन आला होता, शेजारच्या कारखान्यात एका ओळीत बावीस पॅनेल बसवलीत, तुम्ही वीसच का देताय, पैसे तर तेवढेच घेताय. फोनवर वाद घातला नाही. उद्या सकाळी चहाला बोलावलंय.