एकच दांडा

डिझेल जहाजांवर तीस वर्षे इंजिनियर म्हणून काढल्यानंतर मी आता इंग्लंडमधील हार्टलपूलच्या गोदीत उभ्या असलेल्या 'विंगफील्ड कॅसल' या चाकांच्या आगबोटीवर दर शनिवारी लोकांना माहिती सांगण्याचे काम करतो. 1934 मध्ये याच गावी बांधलेली ही बोट रेल्वेच्या मालकीची होती आणि 1974 पर्यंत ती हल ते न्यू हॉलंड अशी हंबर नदीच्या मुखावरून प्रवासी व मोटारी नेत असे. हलच्या धक्क्यावर रेल्वेचे स्टेशन होते, तिकीटघर होते, फक्त रूळ तेवढे नव्हते. हे ऐकून लोक हसतात आणि लगेच स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारतात. तिची जुळी बहीण 'टॅटरशॉल कॅसल' लंडनला थेम्सवर पब होऊन राहिली आहे. तरी ते 2010 मध्ये भंगारात गेलेल्या, याच मार्गावरच्या 'लिंकन कॅसल' बोटीपेक्षा बरेच म्हणायचे.

इंजिनापाशी मात्र मी कोणाला सहजी सोडत नाही. तिरप्या बसवलेल्या तीन सिलिंडरांतून वाफ टप्प्याटप्प्याने प्रसरण पावत जाते, आणि चाकाची प्रत्येक फळी उत्केंद्रीला, म्हणजे मध्य सोडून बसवलेल्या चकतीला, जोडलेल्या सळईमुळे पाण्यात शिरताना व बाहेर येताना जवळजवळ उभी राहते, नाहीतर बरीचशी ताकद नुसती पाणी उडवण्यातच जाईल. याच ओघात मी वर्षभर ठासून सांगत होतो की, एक चाक पुढे आणि दुसरे मागे फिरवून ही बोट जागच्या जागी वळत असे.

महिन्यापूर्वी एका वृद्ध गृहस्थांनी ते शांतपणे ऐकून घेतले. तरुणपणी ते याच बोटीवर भट्टीत कोळसा टाकत असत. मंडळी पांगल्यावर त्यांनी हातातली काठी कठड्यातून आत नेली आणि क्रँकशाफ्टकडे, म्हणजे चाके फिरवणाऱ्या दांड्याकडे, दाखवत विचारले, "हा दांडा मध्ये कुठे सुटतो, दाखवा बरं?"

तो कुठेच सुटत नव्हता. दोन्ही चाके एकाच दांड्यावर पक्की होती, म्हणजे ती एकाच दिशेने फिरणार. मी सांगत होतो तो प्रकार बंदरात मोठी जहाजे ओढणाऱ्या टग बोटींचा. दर शनिवारी ज्या दांड्यापाशी मी उभा राहतो, तो मी पाहिलाच नव्हता. ते म्हणाले, वेग कमी झाला की सुकाणू ऐकत नसे, तेव्हा धक्क्यावर दोर आधी टाकायचा आणि उरलेले काम ओहोटीच्या ओढीवर सोडायचे.

पुढच्या शनिवारी एका मुलाने विचारले, "मग ही वळायची कशी?" मी सुकाणूचे सांगितले, दोराचे सांगितले, पण दोर आधी नाळेकडून (पुढच्या टोकाकडून) टाकत की वरामाकडून (मागच्या टोकाकडून), हे त्यांना विचारायचे राहूनच गेले होते.