डे टू, इव्हन साइड आणि रस्त्यात राहिलेली एक करडी गाडी

मी अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसमध्ये एका अपार्टमेंट बिल्डिंगची मॅनेजर आहे, डाउनटाउनच्या दक्षिणेला व्हिटियर भागात. जुनी विटांची तीन मजली बिल्डिंग, बिऱ्हाडं तीसेक आणि मागच्या अ‍ॅलीत (बिल्डिंगच्या पाठच्या अरुंद गल्लीत) गाड्यांना जागा आठच. त्या आठ जागांचं भाडं वेगळं, ज्यांना परवडतं त्यांनी घेतल्यात, बाकी सगळ्यांच्या गाड्या बाराही महिने रस्त्यावर. एकदा का बर्फ पडायला लागला की गळके नळ, हीटर, थकलेलं भाडं हे सगळं मागे पडतं आणि कुणाची गाडी कुठे उभी आहे एवढंच बघत बसावं लागतं.

नियम आधी सांगते, त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. जोराचा बर्फ झाला की शहर स्नो इमर्जन्सी जाहीर करतं, साधारण संध्याकाळी ६ च्या आत, आणि त्याच रात्री ९ ला डे वन सुरू. डे वनला रात्री ९ ते सकाळी ८ मोठ्या रस्त्यांवर, ज्यांना स्नो इमर्जन्सी रूट म्हणतात आणि तशा पाट्या लावलेल्या असतात, तिथे कुठल्याच बाजूला गाडी लावायची नाही. डे टूला सकाळी ८ ते रात्री ८ बाकीच्या साध्या रस्त्यांवर इव्हन साइड रिकामी पाहिजे, पार्कवेवर, म्हणजे बागांच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यांवर, तर दोन्ही बाजू. डे थ्रीला तीच वेळ, पण ऑड साइड. प्लाऊ (बर्फ ढकलणारी गाडी) अगदी कर्बपर्यंत, म्हणजे फूटपाथच्या कडेपर्यंत, बर्फ काढून गेला की मग त्या जागी परत लावता येते, पण कर्बपर्यंत हं, मधून एकदा फिरला म्हणजे झालं असं नाही, कारण तो परत येतो.

आणि इव्हन ऑड म्हणजे तारीख नाही, घराचा नंबर. ज्या बाजूच्या घरांना सम आकडे ती इव्हन साइड. हे मी लॉबीत मोठ्या अक्षरात लावलंय तरी दर वर्षी कुणीतरी चुकतंच, आणि त्यात त्यांचा दोष नसतो बरं का, कारण शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसनला तारखेवर चालतं, तिथून आलेला मुलगा तारीख बघूनच गाडी लावणार ना. नदीपलीकडे सेंट पॉलला तर नाइट प्लाऊ आणि डे प्लाऊ असे, म्हणजे रात्री साफ करायचे आणि दिवसा साफ करायचे, रस्तेच वेगळे वाटलेत. दोन्ही शहरं एकमेकांना चिकटलेली, पाहुणा म्हणून तिकडे रात्री राहिलात तर तिथला नियम वेगळा. नवीन माणसाने कुठे कुठे म्हणून लक्ष ठेवायचं.

तर जानेवारी २०२३ चा पहिला आठवडा. तो हिवाळा इथल्या लोकांच्या लक्षात आहे, एअरपोर्टवर मोजलेला बर्फ सीझनभरात ९० इंचांवर गेला होता. ख्रिसमसच्या आधीच एक मोठं वादळ होऊन गेलेलं, कडेचे ढीग तसेच होते, आणि त्यात जानेवारीत जो पडला तो भुरभुरीत नव्हता, ओला, जड, फावडं उचलताना मनगट दुखावं असा. झाडांच्या फांद्या मोडून पडल्या होत्या. स्नो इमर्जन्सी लागली. डे वनच्या संध्याकाळी मी सगळ्यांना मेसेज केला, ज्यांच्या गाड्या निकोलेटवर, आमच्या जवळच्या मोठ्या रस्त्यावर, होत्या त्यांना फोन केले, दारांखालून चिठ्ठ्या सरकवल्या. शहराकडूनही मेसेज येतात, फोन येतात, अ‍ॅप आहे, माहिती स्पॅनिश, सोमाली, मोंग भाषेत पण देतात, ते काम ते मनापासून करतात असं माझं मत आहे. पण मेसेज यायला आधी नाव नोंदवावं लागतं, आणि जो माणूस महिन्यापूर्वी आलाय त्याला हे नोंदवायचं असतं हेच माहीत नसतं.

डे टूची सकाळ. उजाडायच्या आधीच मी बाहेर. आमच्याकडे अपार्टमेंटवाल्यांना फूटपाथ साफ करायला बर्फ थांबल्यापासून दिवसाउजेडाचे ४ तास मिळतात, घरवाल्यांना २४ तास, त्यामुळे फूटपाथ आणि कोपऱ्यावरचे उतार आधी. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचं नागपूरचं जोडपं खाली आलं, दोघं पहिलाच हिवाळा बघत होते, अंगात जाड जॅकेटं आणि पायात साधे स्नीकर्स. "ताई, आमची गाडी ऑड साइडला आहे, मग आज चालेल ना?" चालेल म्हटलं, पण उद्या सकाळी ८ च्या आत इकडे आणायची. तो म्हणाला मग फावडं द्या, तुमच्यासोबत करतो. मी त्यांना आधी जुने बूट दिले स्टोअर रूममधले, मग फावडी.

पावणेआठपर्यंत आमच्या ब्लॉकची इव्हन साइड जवळपास मोकळी झाली. कुणी बर्फात रुतलेलं, त्याला सगळ्यांनी मिळून ढकललं, कुणाची बॅटरी गेलेली, तिला जंपर लावला, मॅडिसनवाल्या मुलाला उठवून गाडी हलवायला लावली. राहिली एकच करडी कोरोला. ती दुसऱ्या मजल्यावरच्या सोमाली भाडेकरूची, तो वेअरहाऊसमध्ये रात्रपाळी करतो, सकाळी येतो आणि झोपतो. मी दार वाजवलं, फोन केला, परत जाऊन वाजवलं. काही नाही. रात्रभर खोकी उचलून आलेला माणूस कसा झोपतो हे ज्याने बघितलंय त्याला मी काय म्हणतेय ते कळेल. आत शिरून उठवायचा अधिकार मला नाही, म्हणजे मास्टर किल्ली आहे पण ती आग, पाणी, जिवाचा प्रश्न अशा वेळी वापरायची, गाडीसाठी नाही, आणि ते तसंच असलं पाहिजे.

नऊनंतर प्लाऊ आला. सगळी बाजू घासत गेला आणि कोरोलापाशी आल्यावर वळसा घालून पुढे. ज्यांनी हे बघितलं नाही त्यांना वाटेल एकच तर गाडी, काय फरक पडतो. पण प्लाऊ वळसा घालतो तेव्हा गाडीच्या मागे, पुढे आणि रस्त्याच्या बाजूला जो बर्फ ढकलला जातो तो शेताच्या बांधासारखा उभा राहतो, गुडघ्याएवढा, आणि ओला बर्फ असला की तासा-दोन तासांत घट्ट होतो. म्हणजे एका गाडीने तीन गाड्यांची जागा जाते आणि रस्ता तिथे अरुंद होतो. समोर ऑड साइडला गाड्या होत्याच, नियमाप्रमाणेच होत्या, पण त्याही कर्बपासून लांब उभ्या, कारण कर्बला ख्रिसमसचा ढीग. मधे एखादी छोटी गाडी आरसे सांभाळत जाईल एवढीच वाट उरली.

अकराच्या सुमाराला पहिल्या मजल्यावरच्या आजींचा फोन आला. आजी म्हणजे माझ्या तोंडात बसलंय ते, त्या इथल्याच, जन्म मिनेसोटाचा, आवाज कधी चढत नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, आमच्या ह्यांच्या छातीत दुखतंय आणि घाम आलाय, ९११ ला फोन केलाय, तू दार उघडून ठेव. मी धावत खाली. मिनियापोलिसमध्ये असा कॉल गेला की बरेचदा फायर डिपार्टमेंटची गाडी आधी पोचते, त्यांच्याकडे ऑक्सिजन, शॉक द्यायचं मशीन सगळं असतं, आणि मागून अ‍ॅम्ब्युलन्स. सायरन लगेच ऐकू आला. कोपऱ्यावरून फायर इंजिन आत वळलं आणि कोरोलापाशी थांबलं.

ते इंजिन आठ फुटांहून जास्त रुंद असतं. जाणारच नव्हतं. आमच्या दारापासून जवळजवळ अर्धा ब्लॉक लांब. ड्रायव्हरने एकदा अंदाज घेतला, आणि तेवढ्यात बाकीचे दार उघडून उड्या मारून बॅगा खांद्याला टाकून चालत निघालेसुद्धा, एक मिनिट घालवलं नाही. मागून अ‍ॅम्ब्युलन्स येऊन इंजिनच्या पाठी अडकली. पॅरामेडिकने मला विचारलं दुसऱ्या बाजूने येता येईल का, मी म्हटलं पलीकडच्या टोकाला फांदी पडलीय, अजून उचललेली नाही. मग त्यांनी स्ट्रेचर काढलं.

स्ट्रेचरची चाकं ओल्या बर्फात फिरत नाहीत. फूटपाथ आमच्या बिल्डिंगसमोर साफ होता पण शेजारच्या दोन घरांचा नव्हता, त्यांना २४ तास आहेत, चूक त्यांचीही नाही. मी नागपूरच्या जोडप्याला हाक मारली, मॅडिसनवाला आला, समोरच्या बिल्डिंगमधले दोघं-तिघं आले ज्यांची मला नावंही माहीत नाहीत, आणि आम्ही तो शेजारचा फूटपाथ रुंद करत सुटलो, कोणी कोणाला काही सांगत नव्हतं, फक्त फावडी. आतमध्ये काकांना, म्हणजे आजींच्या नवऱ्याला, ऑक्सिजन लावून खुर्चीत बसवलं, पायऱ्यांवरून उतरवलं, मग स्ट्रेचरवर, आणि चार जणांनी ते अर्धं ढकलत अर्धं उचलत अ‍ॅम्ब्युलन्सपर्यंत नेलं. आजी मागून घरातल्या चपलांवर निघाल्या होत्या, नागपूरच्या मुलीने त्यांना धरून परत नेलं, बूट घातले, कोट घातला आणि हाताला धरून गाडीपर्यंत सोडलं. अ‍ॅम्ब्युलन्स रिव्हर्स घेत कोपऱ्यापर्यंत गेली.

काका वाचले. हार्ट अटॅकच होता, त्याच दिवशी स्टेंट टाकला, आठवड्याभरात घरी आले. म्हणून हे सगळं मी आज लिहू शकतेय. पण कोरोला ते आमचं दार एवढ्या अंतरात जो वेळ गेला तो मी अजून विसरलेले नाही, आणि तेव्हापासून कोणी मला म्हणालं की स्नो इमर्जन्सी म्हणजे शहराचा दंड वसूल करायचा धंदा तर मी त्यांना थांबवून हा प्रसंग सांगते. इथे हजार मैलांवर रस्ते आहेत, वर शेकडो मैल अ‍ॅली, ते सगळं तीन दिवसांत कर्बपर्यंत साफ करायचं तर गाड्या हलल्याच पाहिजेत, दुसरा उपाय नाही. मीठ टाकून भागत नाही, पारा १५ फॅरनहाइटच्या खाली गेला की साधं मीठ नीट कामच करत नाही, आणि ते मीठ शेवटी वितळून इथल्या तळ्यांत जातं ते वेगळंच.

दुपारी एकच्या आसपास टो ट्रक आला, गाड्या उचलून नेणारा. तिकीट काचेवर लागलेलंच होतं. कोरोला उचलली आणि गेली, आणि साडेतीनला तो भाडेकरू खाली आला, रस्त्याकडे बघून उभा राहिला. मला म्हणाला, गाडी चोरीला गेली. त्याला सांगताना मला फार वाईट वाटलं. त्याला स्नो इमर्जन्सी माहीत होती, पण डे वनला मोठे रस्ते म्हणून त्याने निकोलेटवरची गाडी बरोबर काढली होती, कामाला नेली होती, आणि सकाळी परत आल्यावर आमच्या गल्लीत जिथे जागा दिसली तिथे लावली. जागा का रिकामी आहे हे थकलेल्या माणसाला सुचणार कसं, उलट त्याला बरंच वाटलं असणार लगेच जागा मिळाली म्हणून.

माझ्या गाडीतून आम्ही इम्पाउंड लॉटला गेलो, उचललेल्या गाड्या ठेवतात तिथे, डाउनटाउनच्या पश्चिमेला. बाहेरपर्यंत रांग. त्या रांगेत कोण होतं ते मी नीट बघितलं, नर्सिंग होमच्या युनिफॉर्ममधल्या बायका, रेस्टॉरंटमधली मुलं, कडेवर बाळ घेतलेली आई, कॉलेजचे विद्यार्थी. ज्यांच्या घराला गॅरेज आहे ते त्या रांगेत नसतातच. टोचे पैसे, तिकिटाचे वेगळे, आणि उशीर केला तर दर दिवसाचं स्टोरेज भाडं चढत जातं, म्हणजे ज्याच्याकडे आज पैसे नाहीत त्याला उद्या जास्त भरावे लागणार. त्याने दोन कार्डांवर विभागून भरले. रात्रीच्या पाळीला जायला अजून वेळ होता म्हणून मी त्याला काकांबद्दल सांगितलं, त्याला दोष द्यायला नाही, पण त्याला ते दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर जास्त लागलं असतं. तो बराच वेळ काही बोलला नाही. काका घरी आल्यावर तो स्वतः जाऊन भेटला, सोबत सांबुसे (सोमाली समोसे) घेऊन, आणि आजींनी त्याला आत बसवून कॉफी दिली हे मला आजींनीच सांगितलं.

नियम बरोबर आहे यात मला तिळमात्र शंका नाही. पण तो पोचवायचं काम मेसेजवर सोडून चालत नाही. म्हणून त्यानंतर मी बिल्डिंगमध्ये एक यादी केली, कोणाची कोणती गाडी, कोण कधी झोपतं, रात्रपाळीवाल्यांनी गाडीची जादा किल्ली आपल्या विश्वासातल्या शेजाऱ्याकडे द्यायची, माझ्याकडे नाही, शेजाऱ्याकडे. कोरोलाची किल्ली नागपूरच्या मुलाकडे गेली. लॉबीतला कागद आता सोमाली आणि स्पॅनिशमध्येही आहे, भाडेकरूंनीच लिहून दिला, आणि त्यावर आमच्या ब्लॉकचं चित्र आहे, आमची बाजू कोणती, समोरची कोणती, आकडे वाचायची गरजच नाही.

फेब्रुवारीच्या मोठ्या वादळात याची परीक्षा झाली. डे टूला सकाळी ८ च्या आधी इव्हन साइडला आमच्या बिल्डिंगची एकही गाडी नव्हती, कोरोला नागपूरच्या मुलाने हलवली, मालक वर झोपलेला. पण त्याच हिवाळ्यात रस्ते इतके आकसले की शहराने साध्या रस्त्यांवर इव्हन साइडचं पार्किंग रोजसाठीच बंद केलं, म्हणजे रोजच्या जागा निम्म्या. तेव्हा लोकांना रात्री लांब लांब गाडी लावून उणे तापमानात चालत यावं लागत होतं, त्यात रात्री दहाला सुटणाऱ्या बायका पण. मी बिल्डिंगच्या मालकांच्या मागे लागले, पलीकडच्या चर्चची मोठी पार्किंग आठवड्यातले सहा दिवस रिकामी असते, ती रात्रीपुरती भाड्याने घ्या म्हणून. पहिल्यांदा खर्चाचं कारण आलं. मी त्यांना काकांचा दिवस तारीखवार लिहून पाठवला, फायर इंजिन कुठे थांबलं त्याच्या खुणेसकट. मार्चमध्ये करार झाला, बारा गाड्यांचा, रविवारी सकाळी ७ ला रिकामी करायच्या अटीवर, आणि पहिल्या जागा रात्रपाळीवाल्यांना द्यायच्या असं मी त्यात लिहून घेतलं.