चांदीचे हात

"तू आधी अशी नव्हतीस." ताईचं हे वाक्य परवापासून डोक्यात घोळतंय. रागावून म्हणाली असती तर मीही दोन शब्द बोलून मोकळी झाले असते. पण ती मायेनं म्हणाली, हिरमुसून.

ग्रिम बंधूंच्या संग्रहातली हात तोडलेल्या मुलीची गोष्ट मी माझ्या पद्धतीनं लिहायला घेतलीय. पिठाच्या गिरणीवाला बाप नकळत पोरीला सैतानाशी केलेल्या सौद्यात देऊन बसतो आणि भीतीपोटी तिचे हात तोडतो. पुढे राजा तिच्याशी लग्न करतो, तिला चांदीचे हात घडवून देतो. मग ताटातूट, अरण्यातली सात वर्षं, आणि तिथे तिचे स्वतःचे हात पुन्हा उगवतात. इथवर लिखाण झरझर झालं.

अडले ते भेटीच्या प्रसंगाशी. ती म्हणते, मी तुमची बायको. राजा तिच्या हातांकडे बघतो आणि म्हणतो, माझ्या बायकोचे हात चांदीचे होते. अरण्यातल्या घरात तिला सांभाळणारा देवदूत आतून ते चांदीचे हात आणून दाखवतो, तेव्हा कुठे त्याला पटतं.

रात्री हे पुन्हा वाचलं आणि रडूच फुटलं. बोटं आहेत, नखं आहेत, मुलाच्या कपाळावरून फिरवले तर ताप कळेल असे हात आहेत. आणि ओळख पटायला लागतात ते धातूचे! आपलं बरं झालेलं कुणालाच कसं ओळखू येत नाही? त्या वर्षांत ताईच्या होकाराशिवाय मी साधं पत्रसुद्धा टाकत नव्हते. ती मी तिला आवडायचे. आता... जाऊ दे.

सकाळी मात्र राजाचा इतका राग येईना. तोही सात वर्षं अन्नपाण्यावाचून तिला शोधत फिरलेला असतो. आपण जे दिलं तेच त्याच्या लक्षात राहिलं, एवढंच. आणि चांदीचे हात खोटे नव्हते, प्रेमानंच दिलेले होते. ताईनं दिलेलंही तसंच. तेव्हा त्यावरच तर उभी राहिले मी.

शिवाय या मुलीची ताकद हातांत नव्हतीच, हे माझ्या आता लक्षात येतंय. तुला जन्मभर सुखात ठेवतो, असं बाप म्हणतो, तरी ती थांबत नाही. थोटे हात पाठीशी बांधून घेते आणि निघते. राजाच्या बागेत मोजून ठेवलेल्या नासपतींपैकी एक झाडावरूनच तोंडानं खाते. तेव्हा ना राजा होता, ना चांदी.

माझ्या गोष्टीत देवदूत काही आणून दाखवणार नाही. राजानं समोर बसावं आणि अरण्यात काय काय झालं ते विचारावं. वेळ लागेल, लागू दे. मूळ गोष्टीत त्यांच्या मुलाचं नाव 'दुःखानं भरलेला' अशा अर्थाचं आहे. तेही मी बदलणार; दुसरं अजून सुचलेलं नाही.